दुसऱ्या बाजूचा ब्रेक

मास्तरांचा अहंकार नेमका कधी गेला असं विचारलं, तर मास्तर वार आणि वेळ सांगायचे. मंगळवार, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं, नऊ माणसांच्या साक्षीने. पुढे तो परत कधी आला, हे मात्र त्यांना दुसऱ्यांनी सांगावं लागलं. आता ही गोष्ट ते स्वतःच हसत हसत सांगतात, आणि दर वेळी आपली फजिती थोडी वाढवून सांगतात. फजितीतसुद्धा आपला नंबर पहिला असावा असं त्यांना वाटतं. म्हणून इथे ती जरा बेताने घेतली आहे.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. सव्वीस वर्षं झाली होती. त्याआधी ते एका फर्निचरच्या दुकानाची व्हॅन चालवायचे. दुकानदाराच्या मेहुणीला गाडी शिकायची होती, आणि दुकानदाराला मेहुणीच्या शेजारी बसायची भीती वाटत होती, म्हणून ते काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. आठ दिवसांनी मेहुणी म्हणाली, "तुम्ही शेजारी असलात की अजिबात भीती वाटत नाही." त्या एका वाक्यावर मास्तरांनी नोकरी सोडली, एक जुनी गाडी घेतली आणि छपरावर पिवळी पाटी लावली.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे ज्यांनी शिकवणी घेतली आहे त्यांना ठाऊक असेलच. शिकणारा गोंधळला, घाबरला, समोर भिंत आली तरी गाणं गुणगुणत राहिला, तर शेजारचा माणूस आपल्या पायाने गाडी थांबवतो. मास्तरांचा पाय या दुसऱ्या ब्रेकच्या बोटभर वर कायम तयार असे. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडासुद्धा आला नव्हता. नवीन विद्यार्थी आला की ते त्याला आधी बंपर दाखवायचे, लोक भिंतीवरचं प्रशस्तिपत्र दाखवतात तसा.

या ब्रेकला पहिला धक्का दिला तो गणितबाईंनी. अडुसष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, काठीसारख्या सरळ. पहिल्या दिवशी पहिल्याच वळणावर गाडी आपोआप हळू झाली. बाईंनी ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"गाडी कोण चालवतंय ते एकदा ठरवून घेऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही चालवणार असाल तर मी उतरते. मी चालवणार असेन तर पाय मागे घ्या."

मास्तरांनी पाय मागे घेतले. पुढचे सगळे दिवस ते सीटची कड धरून, घामाघूम होऊन बसले. बाई पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. जाताना त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला. "आमचा एक अभ्यासवर्ग असतो, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी. कब्बालाचा. या तुम्ही. तुमच्यासारख्या माणसाला फार उपयोग होईल."

'तुमच्यासारख्या माणसाला' हे शब्द मास्तरांनी घरी येऊन बायकोला दोनदा ऐकवले. तिने दुसऱ्यांदा विचारलं, "म्हणजे कशा?" तेव्हा मास्तर गूढ हसले.

वर्ग एका चष्म्याच्या दुकानाच्या माळ्यावर भरायचा. दुकानदाराने तिथे एक जुना डोळे तपासायचा फलक ठेवून दिला होता, त्यामुळे ध्यानाला बसलं तरी समोरची अक्षरं वाचायचा मोह व्हायचा. दहा खुर्च्या, एक टेबल, एक बेसिन, चहाची किटली. गणितबाई तीस वर्षं ही विद्या शिकत होत्या, आणि ती त्या अपूर्णांक शिकवाव्यात तशीच शिकवायच्या. कब्बाला ही ज्यू लोकांची जुनी गूढविद्या. माणूस म्हणजे एक भांडं, असं बाई सांगत, आणि त्या भांड्याला एकच कळतं, आपल्याला काय मिळेल. घेण्याची ही ओढ मारून टाकायची नाही, तिचं तोंड फिरवायचं, म्हणजे देण्यासाठी घ्यायला शिकायचं. हे एकट्याला जमत नाही, म्हणून दहा जण हवेत, आणि दहांतल्या प्रत्येकाने बाकीच्या नऊ जणांना आपल्यापेक्षा मोठं मानायचं.

मास्तरांना सगळ्यात आवडली ती आरंभाची गोष्ट. आधी सगळीकडे प्रकाशच होता, इतका की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. मग त्या प्रकाशाने स्वतःला मागे घेतलं, मधे पोकळी ठेवली, आणि त्या पोकळीत हे जग उभं राहिलं. "मोठ्याचं मोठेपण मागे सरण्यात आहे," बाई म्हणाल्या. मास्तरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी तीन विद्यार्थ्यांना गाडीत ऐकवलं. तिघांच्याही वेळी त्यांचा पाय ब्रेकवर होता.

महिनाभरात मास्तर इतके नम्र झाले की घरात राहणं अवघड झालं. 'मी' हा शब्द त्यांनी टाकला. एका सकाळी ते बायकोला म्हणाले, "या देहाला चहा चालेल."

"या देहाने कालचा कप विसळून ठेवावा," बायको म्हणाली, "मग बघू."

वर्गातही त्यांची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती, निदान त्यांच्या तरी. बाकीच्यांना मोठं मानायचं तर सगळ्यात हलकं काम आपण करायचं, आणि वर्गात हलकं काम एकच होतं, चहाचे कप धुणं. अडचण अशी की हीच गोष्ट दातांच्या डॉक्टरच्याही लक्षात आली होती. डॉक्टर म्हणजे वर्गातला जुना माणूस, गोड बोलणारा, आणि मास्तरांच्या मते आतून भयंकर अहंकारी. तो दहा मिनिटं आधी येऊन न वापरलेले कप धुवायला लागला. मास्तर वीस मिनिटं आधी जायला लागले. डॉक्टर आधी पोचला तर त्याला स्पंज सापडायचा नाही, कारण तो मास्तरांच्या कोटाच्या खिशात असायचा. एका शुक्रवारी दोघांनी एकच कप धरला आणि "तुम्ही राहू द्या", "छे, छे, तुम्ही बसा" असं करत इतका ओढला की कान डॉक्टरच्या हातात आणि कप मास्तरांच्या हातात राहिला. पुढच्या मंगळवारपासून बाईंनी सगळ्यांना घरून पाण्याची बाटली आणायला सांगितली.

त्याच मंगळवारी सात वाजून दहा मिनिटांनी मास्तर बोलत असताना डॉक्टरने त्यांना मधेच तोडलं. मास्तर थांबले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आत्ता तोडलं गेलं, आणि आत पाहिलं. राग नव्हता. तिथे कुणीच नव्हतं." गणितबाई चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, "बरं." मास्तरांनी ते 'बरं' डिग्रीसारखं घरी नेलं.

घरी वेगळंच चाललं होतं. बायको नर्स होती. बावीस वर्षं वॉर्डात उभं राहून तिच्या टाचा गेल्या होत्या. घरी आली की ती टबात गरम पाणी घेऊन पाय सोडून बसायची, आणि घोट्याच्या वरपर्यंत मोज्याचा वळ उठलेला दिसायचा. हॉस्पिटलने आता एक नवीन काम काढलं होतं. घरी पडून असलेल्या पेशंटांकडे गाडीने जायचं, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. उभं राहणं कमी, चार घरं, मोकळी हवा. मोठ्या सिस्टरांनी ते तिला देऊ केलं होतं. अट एकच, लायसन्स हवं. महिनाअखेरपर्यंत मिळालं तर जागा तिची, नाहीतर तिच्याहून धाकटीची.

इतकी वर्षं ती शिकली नव्हती, कारण घरात मास्तर होते आणि जायचं तिथे मास्तर सोडायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आता चार महिने ती रोज सकाळी सहा ते सात शिकत होती. मागच्या सीटवर मास्तरांची आई असायची. तिला गुडघ्यांच्या व्यायामाला सोडायचं असे, आणि एवढ्या लवकर दुसरं कोण नेणार, म्हणून ती हातात पिशवी धरून मागे बसायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. निदान मास्तरांना तसं वाटायचं.

बायको तीनदा परीक्षेला बसली आणि तीनदा नापास झाली. तिन्ही वेळा एकाच गोष्टीवर. वळणं छान, आरसे छान, गाडी मागे घेणं तर मास्तरांपेक्षाही छान. पण चौक आला की ती ब्रेक दाबायला उशीर करायची, आणि मास्तरांच्या जागेवर बसलेल्या तपासनिसाला दुसरा ब्रेक मारावा लागायचा. दुसरा ब्रेक मारला की खेळ खलास. तपासनीस मास्तरांना पंधरा वर्षं ओळखत होता. तिसऱ्या वेळी तो बिचारा कागदावर सही करताना यांच्याकडे बघेचना. "बाकी सगळं उत्तम आहे हो वहिनींचं. तेवढा ब्रेक."

त्या दिवशी जेवताना मास्तरांनी बायकोला कारण समजावून दिलं. "तुला पास व्हायची फार ओढ लागली आहे. भांडं उताणं धरून बसली आहेस. ही ओढ सुटली की पाय आपोआप पडेल."

बायको घास चावत राहिली. मग ताट सरकवून म्हणाली, "अहो, एकवीस तारखेला शेवटची. नाही जमलं तर मी मोठ्या सिस्टरांना सांगून टाकणार, धाकटीला द्या म्हणून. पुन्हा या घरात गाडीचा विषय नको."

ती टबात पाय सोडून बसली. डोळे मिटलेले, एक हात टाचेवर. मास्तरांना मनापासून वाईट वाटलं. त्यातलं निम्मं तिच्यासाठी होतं. उरलेलं निम्मं, गाडी शिकवणाऱ्याचीच बायको चौथ्यांदा नापास झाली तर लोक काय म्हणतील, याचं होतं, पण ते तेव्हा त्यांनी स्वतःलाही कळू दिलं नाही.

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा ब्रेक करकरायला लागला, म्हणून मास्तर गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिक जुना होता, कमी बोलणारा. त्याने करकर काढली, मग पेडलांवरची रबरं तपासली, आणि दोन रबरं एका तळहातावर ठेवून बाहेर आला. एकावरच्या खाचा जशाच्या तशा होत्या. दुसरं झिजून आरशासारखं गुळगुळीत झालं होतं, मधे तर पेडलचं लोखंड दिसत होतं.

"दोन्ही एकाच दिवशी बसवली होती, मास्तर. मीच बसवली. चार महिने झाले."

"विद्यार्थ्यांचे पाय जड असतात," मास्तर म्हणाले.

"विद्यार्थ्यांच्या बाजूचं हे नवंकोरं. झिजलेलं तुमच्या बाजूचं." मेकॅनिकने हात पुसले. "मागचं तुमचं रबर दोन वर्षं टिकलं. हे चार महिन्यांत संपलं. कोण शिकतंय एवढं अवघड गिऱ्हाईक?"

मास्तरांनी ते गुळगुळीत रबर मागून घेतलं आणि खिशात टाकलं. एके काळी त्याच खिशात स्पंज असायचा.

चार महिन्यांत कोण शिकत होतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. आणि आणखी एक गोष्ट त्यांना गाडीत बसल्यावर कळली. चार महिन्यांपूर्वीच ते वर्गाला जायला लागले होते. म्हणजे ज्या काळात ते मागे सरायचं शिकत होते, त्याच काळात त्यांच्या पायाने सव्वीस वर्षांतला विक्रम केला होता. चौक दिसला, की बायकोचा पाय उचलायच्या आधी यांचा पडत होता. तिला ब्रेक येत नव्हता असं नाही. तिला तो मारायला मिळालाच नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभालाही कुणी काडी लावली नव्हती.

आता कुणीही शहाणा माणूस असता तर तडक घरी गेला असता. मास्तर वर्गात गेले. मंगळवारच होता. आणि जाता जाता त्यांच्या मनात ती सगळी कबुली आकाराला येऊ लागली. आधी शांतपणे रबर टेबलावर ठेवायचं. थोडा वेळ काही बोलायचं नाही. मग म्हणायचं, 'हा पाहा माझा अहंकार.' डॉक्टर गार पडणार याची त्यांना खात्री होती. असली कबुली त्या वर्गात आजवर कुणी दिली नव्हती.

त्यांनी रबर टेबलावर ठेवलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग सगळं सांगितलं, पेडल, चार महिने, तीन परीक्षा, आणि आवाजही योग्य जागी जड झाला. डॉक्टर खरोखरच बघत राहिला. मास्तर शेवटच्या वाक्यावर येतात न येतात तोच गणितबाईंनी विचारलं, "हे घरी सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, आधी इथे..."

"इथे कुणाची परीक्षा आहे एकवीस तारखेला?"

मास्तर खुर्ची ओढायला लागले.

"मग खाली बसू नका," बाई म्हणाल्या. "रबर उचला आणि घरी जा. आणि तिथे एवढं छान सांगू नका."

जिना उतरताना मास्तरांना आपल्या मागे कुणी हसतंय का, हे ऐकायची फार इच्छा झाली. कुणी हसत नव्हतं. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

घरी बायको युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मास्तरांनी इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर रबर ठेवलं आणि जसं सुचेल तसं सांगितलं. ते अजिबात छान झालं नाही. आधी मेकॅनिक आला, मग परीक्षा, मधेच करकर. बायकोने बाहीची इस्त्री पूर्ण केली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही ब्रेक मारता ते. तुमचा गुडघा हलतो ना."

मास्तर खुर्चीत बसले. "मग बोलली का नाहीस?"

बायकोने इस्त्री उभी ठेवली. "तीनदा बोलले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझा भास आहे. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा वही काढलीत आणि अर्धा तास भांडं आणि प्रकाश समजावलात, मला ड्युटीला उशीर झाला. तिसऱ्यांदा मी नुसतं म्हणाले, पाय काढा. तर म्हणालात, पाय कुणाचा आणि काढणारा कोण, हे आधी नीट समजून घे."

"मी असं म्हणालो?"

"म्हणालास," आतल्या खोलीतून आई म्हणाली. "मी मागे होते."

बायको पुन्हा इस्त्रीला लागली. थोड्या वेळाने, कॉलरवर नजर ठेवूनच, ती म्हणाली, "हल्ली मलाच वाटायला लागलं होतं की मला ब्रेक येतच नाही. वॉर्डात सुई लावतानासुद्धा वाटायचं, आपल्याला उशीर होतोय का."

मास्तरांना लाज वाटली. वर्गात उभं राहून सांगता येईल अशी नव्हती ती. ही अगदी साधी लाज होती. तीनदा एक बाई शेजारी बसून सांगत होती, आणि त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं, कारण ते ऐकण्यावरच्या एका उताऱ्याची तयारी करत होते.

"उद्यापासून मी पाय वर घेऊन बसतो," ते म्हणाले.

"बघू," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गाडीत बसले, बूट काढून मागे आईच्या पायाशी ठेवले, आणि सीटवर मांडी घालून बसले. पाय नुसते मागे घेतले तर ते परत पुढे जातील, एवढी त्यांना आता स्वतःची ओळख झाली होती. पट्टा पोटावर, मांडी सीटवर, हात मांडीवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी साधूला गाडीतून फिरायला काढलं आहे. बायकोने एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली.

शाळेच्या भिंतीशी पहिला चौक होता. तिथे कचऱ्याची गाडी मागे येत होती, हळू, आपल्याच नादात. मास्तरांना ती लांबूनच दिसली. त्यांच्या हिशोबाने ब्रेक दाबायची वेळ आली. ती गेली. त्यांच्या पायाची बोटं मांडीखाली आवळली. कचऱ्याची गाडी मोठी होत गेली, तिच्यावरचा गंज दिसायला लागला. मागून आईचा हात येऊन त्यांच्या खांद्यावर घट्ट बसला, धीर द्यायला की दाबून ठेवायला, कोण जाणे. मग बायकोने ब्रेक मारला. तिघेही पुढे जाऊन मागे आपटले, आईची पिशवी खाली पडली. कचऱ्याची गाडी दीड हातावर होती.

मास्तरांच्या जिभेवर सहा वाक्यं आली. सहाही त्यांनी गिळली.

"उशीर झाला," बायकोच म्हणाली. तिने आरसा नीट केला. "पण माझा झाला."

पुढच्या चौकात तिने जरा आधी मारला. तिसऱ्या दिवशी आणखी आधी. चौथ्या दिवशी गाडी अशी थांबली की आईची पिशवी मांडीवरून हललीही नाही. त्या सबंध आठवड्यात मास्तरांना कळलं, की मागे सरणं ऐकायला जितकं सुंदर आहे तितकंच करायला त्रासदायक आहे. पोकळीत प्रकाशबिकाश काही दिसत नव्हता. घाम येत होता. शिवाय रोज तासभर मांडी घालून डाव्या पायाला मुंग्या यायच्या, आणि सातला पुढचा विद्यार्थी यायचा तेव्हा मास्तर दार धरून एका पायावर उभे असायचे. 'या वयात नवीन व्यायाम,' ते त्याला सांगायचे.

एकवीस तारखेला परीक्षेच्या मैदानावर मास्तर बाकावर बसले, शेजारी आई. आज व्यायाम नव्हता, पण "चार महिने मी बसले आहे, निकाल मीही बघणार," असं म्हणून ती आलीच. गाडी फाटकातून बाहेर गेली. वीस मिनिटं मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं नाही. त्याऐवजी त्यांनी एक वाक्य तयार केलं. बायको पास झाली तर लोक विचारणारच, आणि तेव्हा अगदी साध्या, खालच्या आवाजात म्हणायचं, 'मी काहीच केलं नाही.' पुढे एखादं हसू. त्यांनी ते मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी जास्त नम्र वाटलं.

गाडी आली. तपासनीस उतरला तो हसतच. "पास. आणि मास्तर, आज माझा पाय रिकामा राहिला हो. बसून बसून मुंग्या आल्या. शेवटी कसं शिकवलंत वहिनींना?"

मास्तरांनी श्वास घेतला, मान किंचित खाली घातली.

"त्यांनी काहीच केलं नाही," बायको म्हणाली.

तपासनिसाला तो विनोद वाटला. तो मोठ्याने हसला आणि सही करून निघून गेला. मास्तरांचं वाक्य तसंच तोंडात राहिलं. बायकोच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. जे घडलं ते तिने सांगितलं होतं, आणि तिच्या तोंडून ते ऐकताना मास्तरांना पहिल्यांदाच कळलं की ते खरं आहे. तिने कागद एकदा उघडून पाहिला, घडी घालून युनिफॉर्मच्या खिशात ठेवला, आणि डोळे पुसले. मास्तरांना एकदम भरून आलं. या वेळी निम्मं नव्हतं.

"आधी हॉस्पिटलला जाऊ," ती म्हणाली. "मोठ्या सिस्टर दोनपर्यंत असतात."

तीच गाडी, तीच पाटी. बायको चालवायला, आई मागे, मास्तर पुढे. बसताना ते सवयीने बूट काढायला वाकले, तर बायको म्हणाली, "राहू द्या आता. नीट पाय सोडून बसा, मुंग्या येतात तुम्हाला."

मास्तर पाय सोडून बसले. बऱ्याच दिवसांनी पायांना जमीन लागली आणि फार बरं वाटलं. रस्ता ओळखीचा होता. शाळेची भिंत गेली, चष्म्याचं दुकान गेलं. मास्तर खिडकीतून त्या माळ्याकडे बघत होते आणि शुक्रवारी गणितबाईंना काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. सिग्नल अजून शंभर पावलं लांब असताना गाडी हळू झाली.

मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता. दुसऱ्याचं मूल आपल्या अंगणात येऊन काहीतरी फोडून उभं असावं, तसा तो तिथे होता.

"सवय," मास्तर म्हणाले.

बायकोने इंडिकेटर दिला, आरसा बघितला, गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. आवाज न चढवता म्हणाली, "अहो, उतरा."

मास्तर उतरले. मागचं दार उघडलं. आईने पिशवी आपल्याकडे ओढून जागा केली. "बस," ती म्हणाली. "इथून काही करता येत नाही. मला चार महिन्यांची सवय आहे."

गाडी निघाली. मागे एकही पेडल नव्हतं. समोर बायकोची मान, अंबाड्यात अडकलेली पिन, आणि आरशात तिचे डोळे, ते मास्तरांकडे नाही, रस्त्याकडे बघत होते. हे सगळं शुक्रवारी वर्गात किती छान सांगता येईल, हा विचार मास्तरांच्या मनात आलाच. पाठोपाठ डॉक्टरचा चेहराही आला. त्यांना स्वतःचंच हसू फुटलं, आणि आईने काय झालं म्हणून वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

हॉस्पिटलच्या आधीचा चौक मोठा होता. चारी बाजूंनी गाड्या येत होत्या. मास्तरांचा गुडघा हलला. आईने बाहेर बघता बघताच त्याच्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. गुडघा हाताखाली हलत राहिला. पुढे बायकोने तिच्या वेळेला ब्रेक दाबला आणि गाडी रेषेवर थांबली.